चढावरचा काळा धूर

१

टॅम्सिन हॉजचा अग्निशमन दलाचा पिवळा कोट सोमवारी सकाळी पोस्टाच्या पायरीवर सापडला. नीट घडी घातलेला, वर हेल्मेट ठेवलेलं. चिठ्ठी नाही, शिवी नाही. पर्थपासून लांबच्या वार्राकिनसारख्या गावात तेवढं पुरतं. दलाच्या शेडमधल्या खुंटीवरून कुणीतरी तो काढला होता आणि वर घडी घालण्याइतकी सवडही काढली होती.

पोस्ट उघडलं तेव्हा बाहेर पाच माणसं उभी होती. पाचही जणांनी तो कोट ओलांडून आत पाऊल टाकलं. पाचवा होता रॉस पेनग्लेझ, गावातला एकुलता एक मेकॅनिक, वय एकोणसाठ. त्यानेही ओलांडलाच.

प्रकरण आठ दिवसांपूर्वीचं. आल्बी ट्रेलोरच्या शेतात, टेकाडाच्या माथ्यावर, गव्हाची कापणी चालू असताना हार्वेस्टरने पेट घेतला. कापणीच्या दिवसांत प्रत्येक शेतात पाण्याची टाकी आणि पंप बसवलेली एक गाडी तयार ठेवायची, हा इकडचा रिवाज. ट्रेलोरांची ती गाडी म्हणजे जुनी पांढरी डिझेलची यूट, मागे उघडा हौदा, हौद्यात सहाशे लिटर पाणी. आल्बीची बायको नोला त्या रविवारी बहिणीकडे गेली होती, म्हणून गाडीवर दलातली स्वयंसेवक टॅम्सिन बसली होती. गाडी खाली तळ्याकाठच्या सावलीत होती. तिथून माथा दोन मिनिटांवर. टॅम्सिनला सहा मिनिटं लागली. मधल्या चार मिनिटांत वारा फिरला आणि आल्बी गेला.

गावाने निकाल देऊन टाकला. बाई घाबरली, खालीच रेंगाळली. गावाला निकाल द्यायला वेळ लागत नाही, पुरावा गोळा करायला लागतो.

"रॉस, तिकिटं हवीत?" पोस्ट सांभाळणाऱ्या टॅम्सिनने काउंटरमागून विचारलं. चाळिशीची बाई, आठ दिवसांत दहा वर्षांनी थोराड दिसायला लागली होती.

"दहा दे."

तिने तिकिटं मोजली, पण हातात दिली नाहीत. "गुरुवारी हॉलमध्ये बैठक आहे. मला दलातून काढायचं ठरवणार आहेत. त्याचं मला काही नाही. पण मी त्या माणसाला जळताना बघत बसले असं म्हणत असतील, तर मी या गावात राहू शकत नाही. माझा पाय शेवटपर्यंत दाबलेला होता, रॉस. गाडीच ओढत नव्हती. तू गाडी बघ ना."

दारातून डार्सी क्विकचा आवाज आला. डार्सी दलाचा कप्तान, आणि शेडच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे. "गाडी मी बघितली. दुसऱ्याच दिवशी डांबरी रस्त्यावर नेली. एकशेदहाने घोड्यासारखी पळाली. गाडीला नावं ठेवू नकोस, बाई."

रांगेत कुणी काही बोललं नाही. रॉसनेही तोंड उघडलं नाही, आणि त्याच्याकडे तर बोलण्यासारखं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या यूटच्या इंजिनात हात घालणारा शेवटचा माणूस तोच होता. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप त्याने बदलला होता. पाइपाला दोन क्लिपा. पहिली आवळल्याचं त्याला आठवत होतं. दुसरीच्या वेळी फोन वाजला होता.

दुसरी आवळल्याचं काही केल्या आठवत नव्हतं.

२

खाई त्याला खवखवे, म्हणतात. आठ दिवस रॉस जेवला नव्हता असं नाही, पण प्रत्येक घासाबरोबर ती क्लिप गिळत होता. बायको विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, उन्हाळा. बोलायचं तर एकच वाक्य होतं: दोष कदाचित माझा असेल. ते वाक्य त्याने दफनाच्या दिवशी गिळलं, त्यानंतर दुकानात गिळलं, आणि आज पोस्टात सगळ्यांदेखत पुन्हा गिळलं.

दुपारी मात्र तो ट्रेलोरांकडे गेला. यूटची किल्ली देताना नोलाने त्याचा हात सोडला नाही. लहानखुरी, ताठ बाई. दफनाच्या वेळी टॅम्सिनने पुढे केलेला हात तिने घेतला नव्हता, ते सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"मला खरं काय ते कळू दे," नोला म्हणाली. "गाडी ठीक असेल तर तसं सांग. मग त्या बाईला मी या गावात राहू देणार नाही. आणि गाडी ठीक नसेल..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला देतेय."

रॉसला वाटलं, किल्ली परत द्यावी.

संध्याकाळी पबमध्ये त्याने डार्सीला गाठलं. "तू त्या दिवशी नक्की काय बघितलंस? गावात सांगतोस ते नको. डोळ्यांनी बघितलंस ते सांग."

"तेच तर सांगतो गावात! मी पलीकडच्या कुंपणापाशी होतो. गाडी चढावर. मुंगी बरी अशी चाल. माणूस वर जळतोय आणि ही आपली फिरायला निघाल्यासारखी! आणि मागे हा एवढा धूर. मला क्षणभर वाटलं, तीच पेटली."

"धूर गाडीचा?"

"मग काय माझ्या तोंडातल्या पाइपचा? गाडीच्या मागेच होता."

"रंग?"

"काळा. डांबरासारखा काळाकुट्ट. का?"

"पांढरा नव्हता? निळसर?"

"अरे काळा म्हणतोय ना बाबा! आंधळा आहे का मी?"

रॉसने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि उठला. आठ दिवस डार्सी टॅम्सिनविरुद्ध साक्ष देत हिंडत होता. आपण तिच्याच बाजूने बोलतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

३

जुनं डिझेल इंजिन खोटं बोलत नाही. त्यात संगणक नाही, लाड नाहीत. पाय दाबला की डिझेल ओततं. ते डिझेल जाळायला पुरेशी हवा आली तर धूर जेमतेम दिसतो. हवा कमी पडली तर अर्धं कच्चं जळतं आणि मागून काळा लोट निघतो. पाय उचलला तर डिझेलच जात नाही, मग धूर कुठून येणार? रेंगाळणाऱ्या गाडीमागे काळाकुट्ट धूर, याचा अर्थ एकच. टॅम्सिनचा पाय तळाला टेकलेला होता आणि इंजिनाचा श्वास कोंडला होता.

हवा कोंबण्याचं काम टर्बोचं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा आत रेटतं. तो रेटा किती, ते मोजता येतं.

मंगळवारी सकाळी रॉसने इंजिनाला दाबाचा काटा जोडला, त्याची नळी खिडकीतून आत घेतली आणि आधी डांबरी रस्त्यावर रिकामी गाडी पळवली. पळाली. डार्सीचं खरं होतं. सपाटीवर रिकाम्या गाडीला कुठे जोर लागतो? मग त्याने तळ्यावर जाऊन टाकी काठोकाठ भरली, तळ्याकाठच्या त्याच जागेवर आला, आणि पाय तळापर्यंत दाबून चढ धरला.

रेताड चढ. पहिले शंभर मीटर ठीक. मग गाडी दमली. तिसऱ्या गिअरवरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. आरशात काळा धूर. काट्यावर बारा पौंड दाब यायला हवा होता. काटा चारावर बसून राहिला, म्हाताऱ्या बैलासारखा, काही केल्या उठेना.

माथ्यावर पोचला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. समोर जळक्या हार्वेस्टरचा सांगाडा. रॉस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. टॅम्सिन सुटली, या विचाराने त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण हवा कुठून गळते ते आता बघावं लागणार होतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं.

गॅरेजमध्ये आल्यावर त्याने सगळे स्क्रू-ड्रायव्हर गोळा केले आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवले. माणूस स्वतःला ओळखून असतो. क्लिप ढिली निघाली, तर दोन आट्यांचं काम होतं. दोन आटे, आणि जन्मात कुणाला कळलं नसतं.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि टॉर्च धरला.

क्लिप आवळल्यावर तिच्या स्क्रूवरून पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची, अशी त्याची तीस वर्षांची सवय. स्क्रू हलला की रेघ तुटते. पहिल्या क्लिपवर रेघ होती. दुसऱ्या क्लिपवरही होती. अखंड, सरळ. हाताने आवळून, रेघ मारून मग तो फोन घ्यायला गेला होता. हात इमानदार होते, डोकंच विसरलं होतं.

साबणाचं पाणी लावून त्याने सगळे जोड तपासले. एक बुडबुडा नाही. पाइपातून हवेचा एक कणही गळत नव्हता.

रॉस मोठ्याने हसला. रिकाम्या गॅरेजमध्ये एकटाच. आणि हसताहसता त्याला आल्बीचा चेहरा आठवला आणि लाज वाटली. एक माणूस मेला होता, आणि हा आपली क्लिप घट्ट निघाली म्हणून हसत होता.

पण मग उरलेले आठ पौंड गेले कुठे?

४

जादा दाब सोडून देणारी झडप त्याने काढून तपासली. योग्य वेळी उघडत होती, योग्य वेळी मिटत होती. धुराच्या बाजूला कुठे काजळी गळल्याची खूण नव्हती. राहता राहिला टर्बो स्वतः, आणि त्याच्याकडे हवा नेणारा पाइप.

एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा हा पाइप आतून स्वच्छ असायला हवा, कारण फिल्टरने गाळलेलीच हवा तिथे येते. रॉसने आत बोट फिरवून बाहेर काढलं. बोट लाल. वार्राकिनची लाल माती, पिठासारखी बारीक.

मग टर्बोचं चाक. त्याची पाती नखासारखी पातळ आणि धारदार असतात. या चाकाची टोकं बोथट झाली होती, कडा खाल्लेल्या, वर्षानुवर्षं घासलेल्या विळीसारख्या. अशा पात्यांनी हवा कशी कोंबायची? ती बाजूने निसटून जाणार. चाक फिरत होतं, पण नुसतं वारा घालत होतं. मातीने त्याची वाळूच्या कागदासारखी घासणी केली होती, रोज थोडी, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी.

म्हणजे दोष फिल्टरचा. त्याने फिल्टर काढला आणि चक्रावला. ऐन कापणीच्या धुळीत, जिथे दोन दिवसांत फिल्टर विटकरी होतो, तिथे हा नव्या कागदासारखा पांढरा. एवढा स्वच्छ फिल्टर, आणि त्याच्या पलीकडे एवढी माती? दाराला कुलूप आणि घरात चोर, असा प्रकार.

तो फिल्टर घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. वर फळ्या ओढून अंधार केला, फिल्टरच्या पोटात टॉर्च ठेवला आणि हळूहळू फिरवला. कागदाच्या घड्यांतून मंद पिवळा उजेड पाझरत होता. अर्धा फेरा झाला आणि उजेडाची एक पांढरी चीर त्याच्या डोळ्यांवर आली. तिच्या शेजारी दुसरी. घडीच्या खोबणीत, बोटभर लांब.

कागद जुना होऊन फाटला असता तर कडेला, डिंकाजवळ सुटला असता. हा मधोमध फाटला होता, आणि दोन्ही चिरांचे काठ आतून बाहेर उलटले होते. कुणीतरी आतून त्यावर हवेचा झोत मारला होता, जोरात, अगदी जवळून.

कुणी, हा प्रश्न नव्हताच. ट्रेलोरांच्या शेतावर कापणीच्या दिवसांत माणसं दोन. त्यातला एक दिवसभर हार्वेस्टरवर.

५

बुधवारी रॉसने जाऊन फिल्टरचं नाव काढलं, तेव्हा नोलाने चहा ठेवला आणि स्वतः होऊन बोलत राहिली. घरात आठवडाभर बोलायला कुणी नव्हतं.

"फिल्टर ना? ते माझं खातं. रोज दुपारी आल्बीचं जेवण घेऊन गेले की पहिलं काम तेच. भुसा लागून गाड्या पेटतात ना, म्हणून आधी इंजिन झाडायचं, मग फिल्टर काढून हवा मारायची. पांढराशुभ्र होईपर्यंत. आल्बी म्हणायचा, एवढ्या निगुतीने कधी माझा शर्ट धुतला नाहीस." ती हसली आणि लगेच थांबली. "तूच तर शिकवलं होतंस आम्हाला, हॉलमध्ये. आतून बाहेर हवा मारा, नवा फिल्टर कशाला घेता?"

शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बायकांच्या मंडळासमोर, टाळ्या घेऊन. पण तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती.

"तीस पौंडांवर म्हणालो होतो, नोला. काटा तिसावर ठेवून."

"काटा?" नोलाने कप खाली ठेवला. "कॉम्प्रेसरचा? तो तर ऑक्टोबरात तूच काढून ठेवलास."



दाब कमीजास्त करणारा, काटा बसवलेला रेग्युलेटर बिघडला, म्हणून आल्बी कॉम्प्रेसर घेऊन आला होता. नवा रेग्युलेटर पर्थहून यायला महिना लागणार होता आणि कापणी तोंडावर आलेली. रॉसने तिथे पितळेचा एक सरळ तुकडा बसवून दिला होता. तात्पुरतं चालव, नवा आला की आणून लावतो. त्या तुकड्यातून टाकीतली हवा जशीच्या तशी बाहेर येत होती, तिसाच्या चौपटीहून जास्त दाबाने. टायरला चालतं, भुसा झाडायला चालतं. कागदाला नाही. ते एक वाक्य तेव्हा सांगायचं राहिलं. नवा रेग्युलेटर नोव्हेंबरातच आला होता. तो नेऊन लावायचाही राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा दिवस तो न केलेल्या चुकीने पोळत होता, आणि केलेली चूक त्याच्याच फळीवर खोक्यात पडून होती.

"काय झालं, रॉस? तू पांढरा पडलास."

"गुरुवारी सांगतो," तो म्हणाला आणि चहा न पिता निघाला.

६

गुरुवारी हॉल गच्च भरला. रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाईने घरून काहीतरी करून आणलं होतं. माणसाचा न्याय करायचा असला तरी वार्राकिनमध्ये आधी टेबलावर केक लागतात. टॅम्सिन शेवटच्या रांगेत बसली होती, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. नोला पहिल्या रांगेत.

रॉस उभा राहिला. त्याने डार्सीला धुराचा रंग सगळ्यांसमोर पुन्हा विचारला आणि डार्सीने छाती काढून सांगितला. मग रॉसने त्या रंगाचा अर्थ सांगितला, भरल्या टाकीने केलेली चढाची फेरी सांगितली, चार पौंडांचा काटा सांगितला.

"तिचा पाय तळाला होता," तो म्हणाला. "पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत. तिच्या जागी कुणीही असतं, मी असतो, डार्सी असता, तरी सहा मिनिटंच लागली असती. टर्बो झिजला होता. जुनी गाडी."

हॉलमध्ये सुटकेचा सुस्कारा फिरला. माना मागे वळल्या, काही ओशाळल्या. टॅम्सिनने तोंडावर हात धरला होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. टॅम्सिन सुटली, नोला वाचली, आणि रॉस पेनग्लेझ पुन्हा गावातला शहाणा माणूस. तो खाली बसायला वाकलाही.

"रॉस," पहिल्या रांगेतून नोला म्हणाली. "कशाने झिजला?"

तिच्या डोळ्यांकडे बघून त्याला कळलं. बुधवारपासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं, फक्त हिशेब जुळवला होता. आता तो वयाने झिजला असं म्हणाला, तर ती मान हलवेल आणि मरेपर्यंत एकटी जळत राहील.

"फिल्टर फाटला होता. हवेच्या झोताने. त्यातून माती गेली."

"म्हणजे मी."

"नाही. तू मी शिकवलं तसंच केलंस. रेग्युलेटर मी काढला. त्याच्या जागी सरळ तुकडा मी बसवला, आणि ती हवा फिल्टरला लावू नकोस हे मी तुला सांगितलं नाही. नवा भाग महिनाभर माझ्याकडे पडून आहे. आल्बीची चार मिनिटं माझ्याकडे आहेत, नोला." तो शेवटच्या रांगेकडे बघत पुढे म्हणाला. "आणि आणखी एक. तीन आठवड्यांपूर्वी मीच या इंजिनात हात घातला होता. एक क्लिप ढिली राहिली असेल, अशी मला पहिल्या दिवसापासून भीती होती. राहिली नव्हती. पण ते मला मंगळवारी कळलं. तोवर मी गप्प बसलो."

नोला उठली. सगळ्यांना वाटलं, ती त्याच्याकडे जाणार. ती मागे गेली, शेवटच्या रांगेत, आणि टॅम्सिनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.  मग तिने टॅम्सिनचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला.

बैठक तिथेच मोडली. चहाची किटली उकळली, केक कापले गेले. रॉस भिंतीशी उभा होता. शिव्या ऐकायची त्याची तयारी होती. शिव्याच हव्या होत्या, खरं तर. पण एकेक जण येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होता. कुणी म्हणालं, मोठ्या मनाने बोललास. कुणी त्याच्यासाठी केकचा तुकडा बशीत घालून आणला.

डार्सीने त्याचा खांदा दाबला. "मनाला लावून घेऊ नकोस, गड्या. ऐन कापणी, शंभर कामं. असं कुणाच्याही हातून होतं."

"कुणाच्याही हातून होतं," मागून कुणीतरी म्हणालं. टॅम्सिन होती. "किती पटकन सुचलं तुला, डार्सी. मी अकरा दिवस काउंटरमागे उभी होते. तिकिटं घ्यायला सगळं गाव आलं. हे वाक्य कुणाला सुचलं नाही."

 टॅम्सिन रॉसकडे वळली.

"आणि तुला तर माहीत होतं."

"माहीत नव्हतं, टॅम्सिन," रॉस म्हणाला. "नुसती शंका होती."

"मला तेवढीच हवी होती," ती म्हणाली, आणि नोलाला गाडीपर्यंत सोडायला निघून गेली.